कडी, पाणी, दिवा

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तिला सगळे ब्रेकबाई म्हणत. शिकवणीच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक जादा ब्रेक असतो, आणि तिचा पाय त्या ब्रेकवर असा तयार असायचा की अठरा वर्षांत तिच्या एकाही शिकाऊ माणसाने साधं कुंपणही पाडलं नव्हतं. नावाचं तिला वाईट वाटत नसे. वाईट वाटण्यासारखं इतर पुष्कळ होतं, आणि त्यातलं बरंचसं तिच्या पोटातच होतं.

ही गोष्ट बऱ्याच अंशी संडासाची आहे. ज्यांना नाक मुरडायचं असेल त्यांनी आत्ताच मुरडून घ्यावं, पुढे सवड मिळणार नाही. तीन वर्षांपूर्वी तिच्या मोठ्या आतड्याला आतून जखमा झाल्या. डॉक्टरांनी कागदावर आजाराचं लांबलचक नाव लिहिलं, हा जात नाही, फक्त आटोक्यात राहतो असं सांगितलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. आटोक्यात म्हणजे काय, ते तिला घरी आल्यावर समजलं. बऱ्या दिवशी सहा वेळा, वाईट दिवशी तेरा-चौदा वेळा. रक्त जातं. कळ आली की हातात दोन मिनिटं असतात, फार तर तीन, आणि तेवढ्यात दार सापडलं नाही तर पुढे जे होतं ते कुणाला सांगायची सोय नसते.

घरात सांगायची गरजच नव्हती. घराला कान होते आणि नाकही. नवरा काचेच्या दुकानात काचा कापायचा. माणूस वाईट नव्हता, पण ती संडासात गेली की तो टीव्हीचा आवाज वाढवायचा. त्याच्या मते हा सभ्यपणा. ती बाहेर आली की आवाज पुन्हा खाली. त्यामुळे शेजाऱ्यापाजाऱ्यांनाही तिचा दिनक्रम पाठ झाला होता. नणंद त्याच्याही वरची. वन्संनी लिंबाच्या वासाचा फवारा आणून ठेवला होता. ब्रेकबाई बाहेर आली की वन्सं बाटली घेऊन आत, फुस्स फुस्स, आणि मग तिच्या मागोमाग पॅसेजमध्येही एकदा. तोंडाने मात्र साखर पेरणं चालूच. "तुझ्याचसाठी गं," म्हणायच्या. गोळ्यांनी ब्रेकबाईचं तोंड भोपळ्यासारखं सुजलं तेव्हा वन्संनी पाहुण्यांना सांगितलं की हिची तब्येत आता छान भरली आहे. लिंबाचा वास आला की तिला हल्ली मळमळायचं. एकदा बाजारात लिंबं विकणाऱ्या बाईसमोरून ती नाक दाबून पळाली, आणि त्या बाईला वाटलं, आपली लिंबं नासली.

उपायांचं तर विचारूच नका. उचलली जीभ लावली टाळ्याला, असा सगळा कारभार. शेजारीण म्हणे दीर्घ श्वास घे. चुलत सासरे म्हणे कोमट पाणी पी. नवऱ्याचा एक मित्र यायचा, तो डोळे मिटून सांगायचा की सगळे आजार मनात असतात, मन साफ ठेवा. ज्या बाईचं आतडं दिवसातून बारा वेळा साफ होतंय तिला मन साफ ठेवायला सांगणाऱ्या माणसाचं काय करावं, हे तिला सुचत नसे, म्हणून ती उठून आत जायची. उठायला कारण तिच्याकडे नेहमी तयार असायचंच.

मोबाईलवर या आजाराच्या लोकांचा एक मोठा ग्रुप आहे असं कळलं तेव्हा ती मोठ्या आशेने तिथे गेली, आणि आगीतून फुफाट्यात पडली. दहा हजार माणसं. रोज सकाळी उगवत्या सूर्याचे फोटो. त्याखाली, तुम्ही रोगी नाही, योद्धे आहात. कुणी पांढरी पावडर विकत होतं, कुणी आजारामुळे आयुष्य किती सुंदर झालं ते सांगत होतं, आणि एखादी बाई रडली की तिला तीनशे लाल बदाम मिळत होते. ब्रेकबाईला तिथे घरच्यापेक्षा जास्त किळस आली. आठव्या दिवशी ती बाजारातल्या एका सार्वजनिक संडासात बसली होती. दाराला कडीच्या जागी नुसतं भोक होतं, त्यामुळे एक पाय दाराला रेटून धरलेला. तशा अवस्थेत तिने शहराचं नाव घालून लिहिलं की, योद्ध्यांनो, इथे कडी असलेला एखादा संडास ठाऊक असेल तर सांगा. बाकी तुमचा सूर्य तुमच्याजवळ ठेवा.

बदाम एकही आला नाही. ग्रुपच्या चालकांनी मात्र तिला भाषा सुधारायची ताकीद दिली. पण त्याच संध्याकाळी तीन माणसांनी तिला वेगळे मेसेज पाठवले. एक टपाल, म्हणजे तिच्याच शहरात बावीस वर्षं पत्रं वाटलेले आणि मुदतीआधीच निवृत्त झालेले पोस्टमन. दुसरी गणितबाई, दूरच्या एका शहरात शाळेत गणित शिकवणारी. तिसरा बेकरी, आणखी तिसऱ्याच गावात पाव भाजणारा, तोंडाचा फाटका. टपालनी कसलंही सांत्वन केलं नाही. त्यांनी सतरा संडासांची यादी पाठवली. प्रत्येकापुढे तीन शब्द, कडी, पाणी, दिवा, आणि तिन्हींपैकी काय आहे त्याची खूण. ग्रंथालयाला तीनपैकी तीन. इस्पितळाच्या मागच्या बाजूला तीन. रिंगरोडवरच्या पेट्रोल पंपाला दोन, कडी नाही. बाजारातल्याला शून्य, आणि पुढे टीप, की इथे जाण्यापेक्षा शेतात जावं. ती यादी वाचून ब्रेकबाईला रडू आलं, आणि आजार झाल्यापासून आलेलं हे पहिलं बरं रडू होतं.

त्या चौघांचा मग वेगळा ग्रुप झाला आणि नावही 'कडी, पाणी, दिवा' हेच पडलं. कुणी कुणाला पाहिलेलं नव्हतं. नियम तीनच. फोटो नाहीत, उपाय नाहीत, आणि 'काळजी घे' म्हणायचं नाही, कारण काळजी घेऊनच ही वेळ आलेली असते. सकाळी उठल्यावर आपापला आदल्या दिवसाचा आकडा टाकायचा. ज्याचा आकडा सगळ्यात मोठा, त्याने आधी बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं. बेकरी असल्या गोष्टी असल्या शब्दांत सांगायचा की त्या इथे लिहिता येणार नाहीत. गणितबाईने एकदा पालकसभेत उभ्या उभ्या काय झालं ते सांगितलं, आणि चौघं तीन गावांत हसून हसून बेजार झाले. किळस वाटून घ्यायलाही सोबत लागते. एकट्याने वाटून घेतली की ती आपल्यावरच उलटते, आणि मग आरशात स्वतःचं तोंड बघायचं जिवावर येतं. ब्रेकबाईचं तसं झालं होतं, आणि या तिघांमुळे ते हळूहळू कमी झालं.

पण ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तिने अवाक्षर काढलं नव्हतं. त्याचं कारण मालक. मालक म्हणजे स्वच्छतेचा पुतळा. स्टिअरिंग पुसल्याशिवाय धरायचे नाहीत, कुणाचं पेन घेतलं तर कागदात गुंडाळून, आणि टेबलावर हात धुवायच्या जेलची बाटली फोनच्या आधी लागायची. त्यांना जर हे कळलं असतं तर गाडी गेली असती, आणि गाडी गेली असती तर ब्रेकबाईचं काय राहिलं असतं? घर, टीव्ही आणि लिंबाचा फवारा. त्या गाडीत तिच्या मागे कुणी फवारत नसे. तिने पाय दाबला की सगळं थांबायचं. पोटाचं तसं नव्हतं.

म्हणून तिने टपालच्या यादीवरून रस्ते बसवले. गाडी मागे घेणं ग्रंथालयाच्या आवारात शिकवायचं. चढावर गाडी उचलणं इस्पितळाच्या उतारावर. वळवून घेणं रिंगरोडच्या पेट्रोल पंपापाशी. माणसं तरबेज होत होती आणि तिची सोयही होत होती. फक्त एक अडचण, की आपण आत गेल्यावर शिकणाऱ्याने गाडीत काय करायचं? सुरुवातीला ती टायर बघून येते, कागद दाखवून येते, असं काहीबाही सांगायची. पण काही महिन्यांपूर्वी तिच्याकडे एक निवृत्त मुख्याध्यापिका आल्या. वय साठ, हातात वही. प्रत्येक सूचना लिहून घ्यायच्या आणि कारण विचारायच्या. पंपावर थांबून आठ मिनिटं आरसे तपासायचे, ते कशासाठी?

ब्रेकबाईला त्या वेळी कळ येत होती. जे सुचलं ते तिने ठोकून दिलं. "गाडी चालवणाऱ्याला घाई मारते, बाई. आठ मिनिटं गप्प बसता येणं हा धडाच आहे. इंजिन बंद करा, डावा आरसा, उजवा आरसा, मधला आरसा. मी आलेच."

मुख्याध्यापिकांनी लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. थापेला इतका मान आयुष्यात कधी मिळाला नव्हता. ब्रेकबाईला ती युक्ती इतकी आवडली की पुढे ती सगळ्यांनाच हा थांब्याचा धडा देऊ लागली.

तोपर्यंत परीक्षा मैदानावर व्हायची, दोन खांबांमधून आठ काढला की परवाना. मग परीक्षा घेणारे नवे साहेब आले आणि त्यांनी भर रस्त्यावर परीक्षा सुरू केली, आणि रस्ता निवडला तो नेमका रिंगरोडचा. मुख्याध्यापिकांनी गाडी सुरेख चालवली. पेट्रोल पंप आला. त्यांनी डावा इंडिकेटर दिला, आत वळल्या, हवा भरायच्या यंत्राशेजारी गाडी लावली, हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं आणि आरसे तपासू लागल्या. साहेबांना वाटलं, बाईंना बरं वाटत नसावं. दोन मिनिटांनी त्यांनी हळूच विचारलं. मुख्याध्यापिकांनी बोट वर करून त्यांना गप्प केलं आणि सांगितलं की थांब्याचा धडा चालू आहे, अजून सहा मिनिटं आहेत. साहेब नोकरीत वीस वर्षं काढलेले, पण मुख्याध्यापिकेपुढे कुणाचं काय चालतं? ते बसून राहिले.

एवढ्यावर निभावलं असतं. पण त्याच आठवड्यात ब्रेकबाईचे आणखी दोन विद्यार्थी परीक्षेत त्याच पंपावर वळले, आणि तिसऱ्याने तिथे वेग कमी करून साहेबांनाच विचारलं की आज थांबायचं नाही का? साहेबांनी मालकांना फोन लावला. मालकांनी ब्रेकबाईला बोलावलं आणि, जेल चोळत, सगळं खोदून काढलं: कुठे थांबता, किती वेळ थांबता, रोज थांबता का. मग डोळे बारीक करून विचारलं, की पंपावर आहे कोण? त्यांच्या डोक्यात काय शिजत होतं ते तिला कळलं. पन्नाशीला आलेल्या, सुजलेल्या तोंडाच्या बाईचं पंपावर कोण असणार? तिला हसू यायला हवं होतं, पण आली ती शिसारी. मालकांनी सांगितलं की गुरुवारपर्यंत खरं काय ते सांगा, नाहीतर गाडीची किल्ली जमा करा.

घरी तिने हे जेवताना सांगितलं. नवरा म्हणाला की सोडून दे, घरचा संडास दहा पावलांवर आहे, हवंय कशाला ते रस्त्यावरचं? त्याने हे मायेने सांगितलं, म्हणून तर जास्त लागलं. वन्संनी मान डोलावली आणि त्या आल्या आठवड्यापासून तिने घरी काय काय करायचं ते सांगू लागल्या. ब्रेकबाईने ताट तसंच ठेवलं आणि ती आत गेली. बाहेर टीव्हीचा आवाज वाढला. आत बसून तिने तिघांना सगळं लिहिलं, आणि गुरुवारी मालकांना सांगायचं म्हणून एक मजकूरही लिहून पाठवला. तो असा सुरू होत होता, की माफ करा, सांगायला फार लाज वाटते, पण माझी तब्येत थोडी.

गणितबाईने तो पेपर तपासावा तसा तपासला. माफ करा काढ. लाज काढ. थोडी काढ, कारण अकरा म्हणजे थोडी नाही. बेकरीने लिहिलं की हा मजकूरसुद्धा जुलाबासारखा आहे, सुरू झाला की थांबत नाही. शेवटी तीन वाक्यं उरली. मला मोठ्या आतड्याचा आजार आहे. दिवसातून दहा-बारा वेळा जावं लागतं. काम अडत नाही, थांबे लागतात. गणितबाईने फोन करून तिच्याकडून ती पाढ्यांसारखी म्हणवून घेतली, दहा वेळा. आवाज पडला की पुन्हा पहिल्यापासून.

टपाल मात्र दोन दिवस नुसता आकडा टाकत होते. बुधवारी दुपारी त्यांचा आवाजातला मेसेज आला.

"मी सांगितलं नव्हतं," ते म्हणाले. "बावीस वर्षांत कुणालाच नाही. एकदा एका इमारतीत दुसऱ्या मजल्याच्या जिन्यातच झालं. मी खालच्या नळावरून पाणी आणून जिना धुतला. वरच्या बाईंनी दाराच्या फटीतून बघितलं. बारा वर्षं त्यांना पत्रं देत होतो मी, पाणी विचारायच्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी खालच्या फाटकाला पेटी लावली, मी वर येऊ नये म्हणून. मी महिन्याभरात निवृत्ती घेतली. कागदावर कारण काय लिहिलं माहितीये? गुडघा. बावीस वर्षं ज्यांच्या जिवावर चाललो त्या गुडघ्यांवर खोटा आळ घेतला. ठणठणीत आहेत ते अजून. तेवढंच सांगायचं होतं."

ब्रेकबाईने तो मेसेज तीनदा ऐकला. मग तिने फक्त त्या इमारतीचा पत्ता विचारला आणि टपालनी तो दिला नाही.

गुरुवारी ती मालकांसमोर उभी राहिली आणि तिन्ही वाक्यं म्हणाली. आवाज पडला नाही. मालकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. आधी त्यांची खुर्ची आपोआप वीतभर मागे सरकली. मग त्यांची नजर किल्लीवर गेली, जी तिने आत्ताच टेबलावर ठेवली होती, आणि मग स्वतःच्या हाताकडे, कारण त्या हाताने ती त्यांनी उचलली होती. त्यांनी किल्ली खाली ठेवली आणि जेलची बाटली दोनदा दाबली. पंपावरच्या माणसाचं निदान कौतुक तरी वाटलं असतं त्यांना. हे ऐकून त्यांना ओकारीच यायची बाकी होती. पण तिचे विद्यार्थी शाळेत सगळ्यात जास्त पास होत, हेही ते विसरले नव्हते. बराच वेळ विचार करून त्यांनी सांगितलं की तिने काम चालू ठेवावं, फक्त तिच्या सीटला प्लास्टिकचं कव्हर घालू या, चांगलं जाड.

"तुमच्याच सोयीसाठी, मॅडम," मालक म्हणाले.

आणि ब्रेकबाई म्हणाली, "चालेल."

चालेल! बाहेर आल्यावर तिला स्वतःच्या जिभेची किळस आली. तीन वर्षांत त्या सीटवर एक डागही पडला नव्हता. तीन वाक्यं घोकून घेतली होती, पण चौथं वाक्य लागेल हे चौघांपैकी कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. नवीन सोफ्यावर असतं तसलं ते प्लास्टिक दुसऱ्या दिवशी आलं. बसलं की करकरायचं, घाम धरायचं, आणि वळणावर ती त्यावरून घसरायची. विद्यार्थी विचारायचे की फक्त याच सीटला का? ती म्हणायची, नवीन आहे. ग्रुपवर तिने हे सांगितलं तेव्हा बेकरीने मालकांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. गणितबाईने लिहिलं की चूक माझी, मी पुढचं उत्तर तयार करून घ्यायला हवं होतं. टपालनी आकडा टाकला आणि विचारलं की तुमच्या शाळेत सकाळी पहिली शिकवणी किती वाजता असते. तिने सांगितलं, नऊ.

अकरा दिवसांनी नऊ वाजता ती गाडी पुसत होती. फाटकातून एक लहानखुरा माणूस आला, इस्त्रीचा शर्ट, खांद्याला कापडी पिशवी, चाल इतकी भरभर की गुडघ्यांबद्दल शंकाच नको. त्याने नवीन विद्यार्थ्याची पावती पुढे केली.

"आकडा दहा," तो म्हणाला, आणि आवाजावरून तिने ओळखलं.

तिने फडकं खाली ठेवून पावती घेतली. टपाल तिच्याकडे नीट बघत नव्हते. त्यांनी गाडीत डोकावलं. डाव्या सीटवरचं प्लास्टिक बघितलं, ते बोटाने दाबून बघितलं, आणि उजवी सीट मोकळी आहे हेही बघितलं. मग ते गाडीत न बसता ऑफिसकडे निघाले. ब्रेकबाई मागे गेली, पण दाराशीच थांबली. आत बाकावर नाव घालायला आलेलं एक जोडपं आणि परवान्याची वाट बघत असलेल्या मुख्याध्यापिका बसल्या होत्या. मालक पेन पुसत होते.

टपाल टेबलासमोर उभे राहिले. पिशवीचा बंद त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता.

"मला मोठ्या आतड्याचा आजार आहे," ते म्हणाले. "दिवसातून दहा-बारा वेळा जावं लागतं. आजपासून मी तुमच्या ड्रायव्हरच्या सीटवर बसणार. तर तिलाही प्लास्टिक घाला. आणि कशासाठी घातलंय ते बाहेर फळ्यावर लिहा, म्हणजे लोकांना कळेल."

जोडप्यातल्या बाईने नवऱ्याकडे बघितलं. मुख्याध्यापिकांनी वही उघडली, बहुधा सवयीने, आणि मग दाराशी उभ्या असलेल्या ब्रेकबाईकडे बघितलं. त्या बघत राहिल्या, आणि त्यांना आठ मिनिटांचा हिशोब लागला असावा, कारण त्यांनी वही मिटली.

मालकांना उपरती वगैरे झाली नाही. असल्या माणसांना होत नसते. त्यांच्या डोळ्यांपुढे फळा आला असणार, आणि फळा वाचून समोरच्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये जाणारी गिऱ्हाइकं. ते कात्री घेऊन उठले, गाडीपाशी आले आणि त्यांनी स्वतःच्या हातांनी प्लास्टिक टराटरा कापून काढलं. तोंडाने म्हणत होते की तसंही या दिवसांत गरमच होतं त्याने. मग ते जेलच्या बाटलीकडे धावले. माफीचा एक शब्दही त्यांच्या तोंडून निघाला नाही, आणि ब्रेकबाईला तो नकोच होता. त्या तोंडून आलेला शब्द ठेवायचा कुठे, हा प्रश्न पडला असता.

टपाल चालवायला अगदीच कच्चे निघाले. क्लच सोडताना गाडी चारदा बंद पडली. पाचव्यांदा सुरू झाली तेव्हा त्यांनी जिभेचं टोक दातांत धरलं आणि रिंगरोडला लागेपर्यंत ते बाहेर सोडलं नाही. ब्रेकबाईने दोनदा ब्रेक दाबला. दोन वर्षं एकमेकांच्या पोटातलं सगळं माहीत असलेल्या माणसांना, बाजूबाजूला बसल्यावर, हवापाण्याचं काय बोलावं ते कळत नव्हतं. मध्येच ते म्हणाले की तो पत्ता मी मुद्दाम दिला नाही. तिने सांगितलं की ठाऊक आहे.

पेट्रोल पंप आला. टपालनी न सांगता डावा इंडिकेटर दिला आणि हवेच्या यंत्रापाशी गाडी एकदाची लावली.

"मला लागलीय," ते म्हणाले. "तुम्हाला?"

तिलाही मघापासून कळ येत होती. आत संडास एकच होता. पण नियम तो नियम. तिचा आकडा नऊ, त्यांचा दहा, म्हणून ते आधी गेले. ब्रेकबाई गाडीत बसून राहिली. इतक्या लोकांना तिने इथे बसवून ठेवलं होतं, पण स्वतः या जागी ती कधी बसली नव्हती. तिने डावा आरसा बघितला. त्यात संडासाचं निळं दार दिसत होतं, आणि ते आतून ओढून धरल्यामुळे हलत होतं. ते हलणं तिला चांगलं ओळखू आलं. दर वेळी ती पर्सचा पट्टा दाराच्या मुठीला अडकवायची आणि दुसरं टोक हाताला गुंडाळून बसायची, आणि बाहेर पावलं वाजली की हात अवघडेपर्यंत ओढायची. तिने उजवा आरसा बघितला, मधला बघितला. आठ मिनिटं फार मोठी असतात. पोट पिळवटत होतं, तरी तिला त्या दारामागच्या माणसाची घाई झाली नाही.

टपाल रुमालाला हात पुसत आले. "पाणी आहे, दिवा आहे," ते म्हणाले. "कडी अजून नाहीच."

तिने सवयीने पर्स उचलली आणि पट्टा सोडवू लागली.

"ते राहू द्या," ते म्हणाले. "मी धरतो दार."

ती पुढे गेली, ते मागून आले. ती आत शिरल्यावर त्यांनी दार लोटलं आणि त्याला पाठ लावून, रस्त्याकडे तोंड करून ते उभे राहिले. पंपावरच्या माणसाने काहीतरी विचारलं, त्याला ते म्हणाले की आत माणूस आहे, थांबा. ब्रेकबाई बसली. पर्स तिने खुंटीला अडकवली होती, आणि त्या दाराआड पहिल्यांदाच तिचे दोन्ही हात मोकळे होते.